लाउरिड्स तोफ्टच्या सत्तावीस प्रश्नावल्या

आस्ता क्रोग व्हीबोर्ग शहरातल्या बोलीकोशाच्या कचेरीत आली ती दोन महिन्यांच्या कामासाठी. ते १९४८ साल होते. वय चोवीस, वडील व्हीबोर्गमध्येच खाटीक, शिक्षण व्यापारी शाळेतले : टंकलेखन, पत्रव्यवहार, दप्तर लावणे. व्याकरणाशी तिचा संबंध शाळेत अनियमित क्रियापदांचे तक्ते घोकण्यापुरता. दोन महिने संपले, तिला कोणी 'आता पुरे' म्हटले नाही आणि तिनेही विचारले नाही. सव्वीस वर्षांनंतरही ती त्याच खिडकीपाशी बसत होती. पाठीमागे भिंतभर लाकडी खण होते आणि खणांत साडेआठ लाख चिठ्ठ्या होत्या.

कामाची रीत साधी होती. पश्चिम किनाऱ्याकडच्या प्रत्येक गावात कोशाचा एक माणूस असे. त्याला पैसा मिळत नसे. कचेरीत त्याला 'सांगणारा' म्हणत. नियम एकच, पण कडक : तो स्वतः, त्याची आई आणि त्याचा बाप, तिघेही त्याच गावात जन्मलेले हवेत. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, त्याला टपालाने प्रश्नावली जाई. 'गायी घरी आल्या आहेत, हे तुमच्याकडे कसे म्हणतात? एकच गाय आली असेल तर?' छापील डॅनिशमध्ये 'आले' म्हणायला दोन्हीकडे 'कॉमेद'च. पण जुन्या माणसांच्या तोंडी एक गाय आली की 'कॉमेन' आणि पाच आल्या की 'कॉमने'. येण्याचे असे, तर बांधण्याचे आणखी वेगळे, आणि लिहिण्याचे तिसरेच. काम होऊन गेल्याचे सांगणारी ही रूपे डॅनिशमध्ये कोणत्याच नियमाला पुरती बांधलेली नाहीत, आणि शेताशेतांच्या त्या मुलखात दर दहा मैलांवर ती बदलतात. उत्तरे आली की आस्ता एकेक उत्तर एकेका चिठ्ठीवर उतरवी. वरच्या कोपऱ्यात गाव, सांगणाऱ्याचे नाव, साल. शेवटी त्या गावासाठी नकाशावर एक ठिपका पडे.

यात तिची स्वतःची अशी एक सुधारणा होती. पूर्वी प्रश्नावलीच्या डोक्यावर 'नाव' अशी मोकळी ओळ असे. म्हातारी माणसे ती कोरी ठेवत, नाहीतर अशी सही करत की वाचता येऊ नये. आस्ताने पत्ते छापायचे एक जुने यंत्र मिळवले, प्रत्येक सांगणाऱ्याची जस्ताची पट्टी करून घेतली आणि नाव, शेत, गाव, जन्मतारीख आधीच छापून प्रश्नावली पाठवायला सुरुवात केली. मोकळी ओळ काढून टाकली. संपादक डॉ. हॉयर तिला म्हणाले होते, "क्रोगबाई, तुम्ही आमचा निम्मा घोळ मिटवलात."

सगळ्या सांगणाऱ्यांत तिचा आवडता होता होल्बी गावचा लाउरिड्स तोफ्ट. १९५० पासून त्याची एकही प्रश्नावली चुकली नव्हती. आठव्या दिवशी परत. अक्षर सरळ, शाळेत वळवलेले. कडेला कधी एखादी टीप असे : 'असे फक्त सुतार म्हणतो, पण त्याची आई पलीकडच्या गावची.' बाकीचे लोक कोरी जागा बरी दिसत नाही म्हणून काहीतरी लिहून टाकत. तोफ्ट बेधडक लिही, 'हे ऐकलेले नाही.' टपाल आले की आस्ता त्याचे पाकीट आधी फोडी. मनात तिने त्याला एक चेहरा देऊन टाकला होता : पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा, दुसऱ्याला कधी न दुखावणारा म्हातारा.

१९७४ च्या जूनमध्ये कोशाचा चौथा खंड छपाईला जायचा होता. अनियमित क्रियापदांचा खंड, ज्यासाठी डॉ. हॉयरांचे केस पिकले. 'कॉमने' म्हणणारी गावे एका बाजूला, न म्हणणारी दुसऱ्या बाजूला, आणि मधली रेघ होल्बीतूनच जात होती. त्याच महिन्याच्या चौदा तारखेला लाउरिड्स तोफ्ट पंच्याऐंशी वर्षांचा होत होता. पंच्याऐंशी पुरी करणाऱ्या सांगणाऱ्याला कचेरी एक पत्र आणि चिनीमातीचा कप पाठवी. आस्ता म्हणाली, हा मी स्वतः नेऊन देते. सव्वीस वर्षांत ती एकदाही कोणा सांगणाऱ्याच्या दारात गेली नव्हती. आधी कळवले असते तर त्या भागातल्या माणसांप्रमाणे त्याने 'गडबड नको' म्हणून नक्की कळवले असते. म्हणून तिने कळवले नाही.

बसने तिला होल्बीच्या चर्चसमोर सोडले तेव्हा सव्वादहा झाले होते. वाढदिवसाच्या घरी अकराच्या आत जाणे बरे नव्हे, म्हणून ती चर्चच्या आवारात बाकावर जाऊन बसली. मांडीवर कप, हातात फुले. कबरींभोवती बुटकी कुंपणे, मध्ये बारीक खडी, आणि ती खडी दंताळ्याने ओढणारा एक माणूस. वेळ घालवायला ती दगडांवरची नावे वाचू लागली. तिसऱ्या ओळीत, करड्या दगडावर लिहिले होते :

शेतकरी लाउरिड्स तोफ्ट. १४ जून १८८९ – २ फेब्रुवारी १९६१.

खाली एका नावाची जागा मोकळी सोडली होती.

तिला आधी वाटले, चुलत भाऊ असेल. मग जन्मतारीख पुन्हा वाचली. ती तारीख तिने स्वतः जस्तावर उठवून घेतली होती. ती उठायला गेली आणि परत बसली.

"कोणाला शोधताय?" दंताळेवाला जवळ आला. त्याचे नाव पॉव्हल, चर्चचा राखणदार.

"हे लाउरिड्स तोफ्ट... होल्बीत आणखी कोणी आहेत का या नावाचे?"

"एकच पुरे झाला होता. तुम्ही कोण? भाची?"

"मी कचेरीतून आलेय."

"करवाल्यांच्या?"

"नाही. शब्दांच्या."

पॉव्हलने दंताळे खडीत टेकवले आणि तिच्याकडे, मग फुलांकडे, मग कपाच्या खोक्याकडे पाहिले. "म्हणजे तुम्ही त्याच्या वाढदिवसाला आलात?"

आस्ताने मान डोलावली.

"तेरा वर्षं झाली, बाई. आम्ही इथं सगळी जेवलोसुद्धा त्याच्या दिवसाला. शब्दांच्या कचेरीत बातमी पोचायला एवढा वेळ लागतो होय?"

"पण त्यांची पत्रं येतात," आस्ता म्हणाली. "या मार्चमध्येही आलंय."

पॉव्हलने टोपी मागे सारली. "डागमारला विचारा," तो म्हणाला. "त्याच्या बायकोला. घरीच असेल. आणि फुलं इथं ठेवा, आणलीच आहेत तर."

तिने फुले ठेवली. तोफ्टांच्या शेतापर्यंतचा रस्ता ती कशी चालली, हे तिला नंतर सांगता येत नसे. एवढेच आठवे की ती मनात आकडे मांडत होती. १९६१ च्या वसंतातली तेविसावी. या वर्षीची एकोणपन्नासावी. तेवीसपासून एकोणपन्नास. सत्तावीस. सत्तावीस प्रश्नावल्या कोणीतरी भरल्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने एका मेलेल्या माणसाच्या नावावर लावली होती.

दार उघडले ते ठेंगण्या, ताठ बाईने. अठ्ठ्याहत्तरीची असेल. आस्ताने नाव सांगितले. बाई बाजूला झाली.

"या, आत या. कॉफी टाकते. तुम्ही कधीतरी येणार हे मला माहीत होतं. फक्त एवढा उशीर कराल असं वाटलं नव्हतं."

स्वयंपाकघरात टेबल खिडकीला लावलेले, दोन खुर्च्या. आस्ता बसल्याबसल्याच म्हणाली, "तोफ्टबाई, प्रश्नावल्या तुम्ही भरत होतात?"

"मीच भरत होते. पहिल्यापासून. त्याची बोटं दुधाच्या कामानं वाकलेली, पेन धरता यायचं नाही. तो तिथं बसून सांगायचा, मी लिहायची."

म्हणून अक्षर कधी बदलले नव्हते. आस्ताने डोळे मिटून घेतले.

"आणि ते गेल्यावर?"

"तो गेल्यावर नवव्या दिवशी तुमचं पाकीट आलं. वर त्याचं नाव छापलेलं, जन्मतारीख सगळी. मी म्हटलं, परत पाठवावं, 'माणूस नाही' म्हणून. तसं लिहायला जागा शोधली. तुमच्या कागदावर कुठंच जागा नव्हती हो." डागमारने कप पुढे सरकवला. "मग पहिला प्रश्न वाचला. वासरं बांधलेली आहेत, हे कसं म्हणता. आणि तो म्हणाला."

"कोण म्हणाला?"

"लाउरिड्स. त्या खुर्चीतून. मी काही खुळी नाही, क्रोगबाई. तो गेलाय हे मला ठाऊक आहे, त्याला मीच आंघोळ घातली. पण प्रश्न वाचला की त्याचं उत्तर ऐकू यायचं. चव्वेचाळीस वर्षं ऐकलं होतं. एरवी घरात चिटपाखरू बोलत नाही. वर्षातनं दोन आठवडे तो बोलायचा, तुमच्या कागदामुळं. जे ऐकू आलं ते लिहिलं. नाही आलं तिथं लिहिलं, ऐकलेलं नाही."

आस्ताच्या डोक्यात नियमाचा कागद उभा राहिला. "तुमचा जन्म होल्बीचाच ना?" ती विचारून गेली, जवळजवळ विनवणीच्या सुरात.

"छे. मी लांगेलँड बेटावरची. एकोणिसाव्या वर्षी इकडं दूधघरात कामाला आले. माझं बोलणं ऐकून ही माणसं हसून हसून पडायची. वर्षभरात मी ते सोडलं आणि यांच्यासारखं बोलायला लागले."

लांगेलँड म्हणजे देशाचे दुसरे टोक. नकाशावरची रेघ, डॉ. हॉयरांची सीमा, चौथा खंड : सगळे या टेबलावर लटकत होते.

"सोमवारी मला हे डॉक्टरसाहेबांना सांगावं लागेल," आस्ता म्हणाली.

"सांगा की. खोटं मी एक अक्षर लिहिलं नाही. नाव तुम्हीच छापत होतात." मग डागमारचा आवाज उतरला. "त्या चिठ्ठ्या तुम्ही फेकून देणार का?"

"माहीत नाही."

"टाकायच्याच असतील तर मला पाठवा. त्याचं दुसरं काही उरलेलं नाही. फोटोत तो गप्प असतो."

जाताना आस्ता कपाचे खोके हातातच घेऊन उभी राहिली. डागमारने ते घेतले, उघडून पाहिले आणि म्हणाली, "चांगला आहे. तो यातनं प्यालाच नसता, कान नाजूक आहे." पण तो तिने फडताळात ठेवला.

सोमवारी सकाळी आस्ताने कोट काढायच्या आधी सगळे सांगितले. डॉ. हॉयर मुद्रणप्रतीवर वाकलेले होते.

"मेलेल्या माणसानं आपल्याला तेरा वर्षं उत्तरं दिली," ते म्हणाले.

"त्याच्या बायकोनं, डॉक्टरसाहेब."

"ती कुठली?"

"लांगेलँडची."

डॉ. हॉयरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलं नसतं, क्रोगबाई."

"मला कळलं होतं."

कोशात एक सवय होती : काही प्रश्न पाच-दहा वर्षांनी मुद्दाम पुन्हा विचारायचे, सांगणारा आपल्या उत्तरावर ठाम आहे का ते बघायला. दोघांनी दोन दिवस खण उपसले. लाउरिड्सने जिवंतपणी सांगितलेली आणि डागमारने नंतर लिहिलेली अशी एकशेबारा उत्तरे शेजारी शेजारी मांडली. एकशेनऊ अक्षरशः जुळली. उरलेल्या तिन्हींच्या जागी डागमारने 'हे ऐकलेले नाही' लिहिले होते. डॉ. हॉयर चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. इतका पक्का सांगणारा त्यांना आणखी कुठे भेटला नव्हता, आणि नियमाने तो सांगणारा नव्हताच.

"निदान चुकीची तरी निघायला हवी होती," ते म्हणाले. "मग फेकून मोकळं झालो असतो."

शेवटी त्यांनी ठरवले ते असे. चिठ्ठ्या राहतील. पण ज्याचे बोलणे त्याच्या नावावर. १९६० पर्यंतच्या लाउरिड्सच्या, पुढच्या डागमारच्या. नकाशावर होल्बीला भरलेला काळा ठिपका नको, पोकळ वर्तुळ हवे, आणि खाली एका ओळीचा खुलासा. छपाई तीन आठवडे पुढे गेली. आस्ताने नवी पट्टी करून घेतली : डागमार तोफ्ट, जन्म लांगेलँड, होल्बीत १९१५ पासून. सत्तावीस प्रश्नावल्यांच्या दोन हजार नऊशे चिठ्ठ्यांवर जुने नाव खोडून तिने नवे नाव एकेक करून उठवले. सुट्टीचे दिवस त्यात गेले, पण झोप चांगली लागली. त्या बाईला तिचा हक्क मिळाला, नोंद चोख झाली, आणि आपला गुन्हा आपण निस्तरला, असे तिला मनापासून वाटत होते. सप्टेंबरात पन्नासावी प्रश्नावली निघाली. तिच्यावर पहिल्यांदाच, ठळक अक्षरांत, डागमार तोफ्टचे नाव होते.

आठव्या दिवशी पाकीट परत आले. आस्ताने नेहमीप्रमाणे ते सर्वांत आधी फोडले.

एकशेवीस प्रश्न, एकही उत्तर नाही. 'ऐकलेले नाही' हेसुद्धा नाही. शेवटच्या पानाखाली त्याच सरळ अक्षरात लिहिले होते : 'क्रोगबाई, तुम्ही माझं नाव छापलंत ते चांगल्या मनानं, हे समजतं. पण त्याला विचारायला गेले तर तो म्हणाला, तुला विचारलंय, तू सांग. त्यानंतर तो बोललाच नाही. मी आठ दिवस थांबले. माझं स्वतःचं बघावं तर लांगेलँडचं काही उरलेलं नाही. तेव्हा कागद कोराच पाठवते. राग नसावा.'

आस्ताने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कबरीपुढे बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता. तिथे तिला एक मेलेला माणूस सापडला होता. इथे तिने तो स्वतःच्या हाताने पुन्हा मारला होता, आणि तोही नोंद बरोबर करून. जुने नाव पुन्हा छापावे? ते खोटे ठरले असते आणि डागमारला ते कळले असते. तिने डॉ. हॉयरांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि इतकेच म्हणाले, "याला आपल्याकडे खण नाही."

शनिवारी ती होल्बीच्या बसमध्ये बसली. या वेळी फुले नव्हती, प्रश्नावली नव्हती. पिशवीत बापाच्या दुकानातले, आता भाऊ चालवतो त्या दुकानातले, धुरावलेले मांस होते.

डागमारने दार उघडले आणि म्हणाली, "कागदाचं विचारायला आलात?"

"नाही."

"मग कशाला एवढ्या लांब?"

"माफी मागायला."

"कसली? जे खरं तेच छापलंत." डागमार चुलीकडे वळली. "खरंच आहे ते. घर गप्प झालं, एवढंच."

दोघी बसल्या. कॉफी झाली. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येऊन गेला. आस्ताला सव्वीस वर्षांत प्रश्न विचारायची एकच रीत माहीत होती : क्रमांक, वाक्य, मोकळी जागा. ती रीत सोडून काय विचारायचे, ते तिला कळत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "तोफ्टबाई, गायी सांजच्याला आत यायच्या तेव्हा ते काय करायचे?"

"करायचा काय, ओरडायचा. एकदा काय झालं, फाटक उघडं राहिलेलं. माझ्याच हातून. चौदा गायी थेट मास्तरांच्या बागेत. आणि हा दारात उभा राहून..."

आणि डागमार उठून उभी राहिली. कंबरेवर हात, हनुवटी पुढे. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो जाड, भराभर, किनाऱ्याकडचा होता. शेवटची अक्षरे गिळलेली, शिव्या न गिळलेल्या. आल्यात, गेल्यात, खाल्ल्यात, तुडवल्यात. चौथ्या खंडातली सगळी रूपे एकामागून एक, कोणी न विचारता, जिथल्या तिथे पडत होती. मास्तरांच्या सात पिढ्या निघाल्या. डागमारची आई निघाली, तिचे बेट निघाले. मग डागमार मध्येच थांबली, खुर्चीकडे पाहिले आणि खुदकन हसली. "हां, हे त्यानं नक्की म्हटलेलं. शब्दाला शब्द."

आस्ताची पेन्सिल पिशवीतच होती. ती तोंड उघडे टाकून बसली होती. चोवीस वर्षे ज्याला ती पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा, दुसऱ्याला न दुखावणारा म्हातारा समजत आली, तो इतका तोंडाळ असेल याची तिला कल्पनाच नव्हती.

"ते नेहमी असंच बोलायचे?" तिने विचारले.

"नेहमी," डागमार म्हणाली. "कागदावर मी जरा सौम्य करून लिहायची. बसा, पुढची बस साडेपाचला आहे. डुकराचं सांगते, ते याहून वाईट आहे."